जुन्या गाडीचा तडकलेला डॅशबोर्ड: कमी खर्चात काय होतं, काय होत नाही

नमस्कार,

एप्रिल लागला की सोलापुरातल्या आमच्या दुकानात एकच प्रश्न घेऊन माणसं येतात. "डॅश तडकलाय, नवा मिळेल का?" जुनी गाडी असेल तर उत्तर बहुतेक वेळा नाही असंच द्यावं लागतं. पद्मिनी बंद होऊन २० वर्षांहून जास्त झाली. अँबॅसिडर आणि मारुती ८०० या दोन्ही २०१४ साली थांबल्या. जुन्या बाजारात फिरलं तर एखादा डॅश मिळतो, पण तोही तेवढ्याच वर्षांचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उन्हात भाजलेला. पैसे मोजून तो आणायचा, निम्मी गाडी खोलून बसवायचा, आणि पुढच्या मे महिन्यात तोही उकलायचा. त्यापेक्षा आहे तो डॅश नीट करून घ्यावा, असं आम्ही सांगतो. तो कसा होतो आणि पैसे कुठे वाचतात, ते इथे लिहिलं आहे.

भेग पडते कशामुळे

फोमची गादी असलेल्या डॅशवरचं कव्हर बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं, म्हणजे रेक्झिनच्याच जातीचं. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. उन्हाच्या तापाने तो थोडा थोडा उडून जातो. खात्री करायची असेल तर बरेच दिवस उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून बोट फिरवून बघा. बोटाला धुरकट, चिकट थर लागतो. डॅशमधून उडालेलं तेल त्यात असतं.

तेल गेलं की कव्हर कडक होतं आणि आकसतं. पण खाली ते फोमला चिकटलेलं असतं, आणि फोम सांगाड्याला. आकसायला जागाच नाही. मग जिथे कमजोर जागा असेल तिथे ते फाटतं. स्पीकरच्या जाळीचं भोक, काचेवर हवा सोडणाऱ्या फटीचं टोक, स्क्रूची जागा, भेग इथूनच सुरू होते. सोलापुरात पारा ४२-४३ वर असतो तेव्हा काचा लावून उन्हात ठेवलेल्या गाडीचा डॅश ७० अंशांच्या पुढे तापतो. रात्री पुन्हा गार. असं ताणणं-आकसणं रोजचं.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे भेगेत जे भराल ते डॅशबरोबर ताणलं पाहिजे आणि डॅशबरोबर आकसलं पाहिजे. आम्ही हे स्वतः नुकसान करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका काकांच्या पद्मिनीच्या भेगेत आम्ही बॉडीच्या पत्र्यावर मारतात तीच पुट्टी भरली. घासून रंग मारल्यावर भेग कुठे होती ते आम्हालाही सापडेना. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत काका गाडी घेऊन गेले, मे अखेर परत आले. पुट्टी होती तशीच होती, आणि तिच्या दोन्ही कडांनी दोन नव्या भेगा पडल्या होत्या. काम आम्ही पुन्हा फुकट केलं, पण कडा साफ करताना मूळ कव्हर आणखी बोटभर कापावं लागलं. तेव्हापासून डॅशला कडक पुट्टी आम्ही लावत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरी नाही.

घरी नळाच्या गळतीला लावतात ती दोन रंगांची मळायची लांबी (पुट्टी), किंवा झटकन चिकटणारा गोंद, हे दोन्ही कृपा करून वापरू नका. गोंदाने भेगेच्या कडा काचेसारख्या होतात. नंतर आमच्या हातात आलं तरी तेवढा भाग कापूनच काढावा लागतो, आणि तुमचं बिल वाढतं.

तुमचा डॅश कोणता?

बोटाने दाबून आणि वाजवून बघा. दाबला जात असेल तर आत फोम आहे. टणक असून पोकळ आवाज आला तर अख्खं प्लास्टिक. ठण्ण वाजला तर पत्रा. पत्रा तडकत नाही, त्याचा रंग उडतो किंवा वरची गादी फाटते, आणि नुसती गादी नवी करणं हे सगळ्यांत स्वस्तातलं काम.

अख्ख्या प्लास्टिकच्या डॅशची गोष्ट वेगळी. तो काढला की मागच्या बाजूला प्लास्टिकची जात कोरलेली सापडते, एबीएस किंवा पीपी. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून त्याच प्लास्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये कालवून सांधा भरता येतो. पीपीला गोंद धरत नाही, तिथे वेल्डिंगच. आम्ही भेगेच्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटरचं भोक पाडतो म्हणजे भेग पुढे धावत नाही, मागून स्टीलची बारीक जाळी तापवून प्लास्टिकमध्ये बसवतो आणि वरून सांधा भरून घेतो.

आधी देवाची मूर्ती

डॅशवर गणपती, सिद्धेश्वर महाराज किंवा स्वामी समर्थ नाहीत अशी जुनी गाडी आमच्याकडे क्वचितच येते. मूर्ती डबल टेपने चिकटवलेली असते, आणि पुष्कळदा भेगेचं एक टोक नेमकं त्या टेपच्या कडेशी असतं. आजूबाजूचं कव्हर आकसतं, टेपखालचं जागेवर घट्ट राहतं, आणि कडेवर ताण येतो. मूर्ती ओढून काढू नका, खालचं कव्हर सोलून निघतं. केस वाळवायच्या ड्रायरने बुडाशी थोडी ऊब द्या, मग पतंगाचा साधा दोरा किंवा मासे धरायची तंगूस टेपमधून करवतीसारखी मागे-पुढे ओढा. मूर्ती अलगद सुटते. काम झाल्यावर ती कापडी बैठकीवर ठेवायची व्यवस्था आम्ही करून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फोमच्या डॅशचं काम

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढतो. मीटर काढायचं असेल तर मागची स्पीडोमीटरची केबल सोडवतो आणि प्रत्येक वायरला कागदी टेपवर नंबर लिहितो. जुन्या वायरींचं आवरण बिस्किटासारखं मोडतं, त्यामुळे इथे घाई करत नाही. भेग वरच्या अंगालाच असेल तर डॅश न काढता जागेवरच काम होतं आणि मजुरी बरीच वाचते.

निम्म्याहून जास्त वेळ साफसफाईत जातो. तुम्ही कधी चकाकीचं डॅश पॉलिश लावलं असेल तर आम्हाला नक्की सांगा. त्यात बहुधा सिलिकॉन असतं, ते कव्हरच्या दाण्यांत, म्हणजे वरच्या बारीक खरखरीत नक्षीत मुरतं आणि त्यावर ना भराव धरत, ना रंग. साबणाच्या पाण्याने आणि नरम ब्रशने दोनदा धुतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, आणि शेवटी पाण्याचा थेंब टाकून बघतो. थेंब गोळी होऊन घरंगळला तर पॉलिश अजून आहे, पुन्हा धुवायचं. थेंब पसरला तर पुढे जायचं.

भेगेच्या कडा वर वळलेल्या असतात. ऊब देऊन त्या बसतात का बघतो, नाही बसल्या तर तेवढी पट्टी कापून कडांना उतार देतो. आतला फोम भुगा झाला असेल तर तो खरवडून नवा भरतो. वरून दोन भाग मिसळून तयार होणारा लवचीक भराव, बंपरच्या दुरुस्तीला वापरतात त्या जातीचा, पातळ थरांत. एका दमात जाड थर दिला तर तो आत कच्चा राहतो. मग पॉलिश पेपर, आधी १२०, मग २४०, शेवटी ४००. आमचे कारागीर इथे डोळे मिटून बोट फिरवतात, कारण जो उंचवटा नजरेला दिसत नाही तो बोटाला लागतो, आणि रंग मारल्यावर तोच उन्हात उठून दिसतो.

राहिला दाणा. नुसता सपाट भराव लांबूनही ओळखू येतो. म्हणून डॅशच्या खालच्या चांगल्या कोपऱ्यावर सिलिकॉनचा छाप घेतो आणि शेवटचा थर अर्धवट वाळलेला असताना तो त्यावर दाबतो. तुमच्याच डॅशचा दाणा भेगेवर उमटतो. दाणा शंभर टक्के जुळतो असं आम्ही म्हणणार नाही, पण ड्रायव्हरच्या सीटवरून नजर थांबत नाही इतका जुळतो. शेवटी रेक्झिनला चालणारा लवचीक रंग, पातळ तीन-चार हात. रंग मॅटच घ्या. चकचकीत डॅशचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि दुपारी हैदराबाद रोडला समोरचं दिसणं अवघड होतं.

भेगा फार असतील तर

चार-पाचपेक्षा जास्त भेगा असतील तर एक-एक भरण्यात पैसे घालवू नका. सगळा वरचा भाग सारखा करून त्यावर चारी बाजूंना ताणलं जाणारं रेक्झिन चढवणं परवडतं. इथे सगळं सोल्यूशनवर, म्हणजे रेक्झिन चिकटवायच्या गोंदावर अवलंबून आहे. सीटकामाचं साधं सोल्यूशन डॅशच्या तापाला सुटतं आणि आतल्या वळणात रेक्झिन फुगून वर येतं. आम्ही उष्णता सोसणारं वापरतो, ते महाग आहे, आणि त्यात काटकसर करत नाही. मे महिन्यात हे काम सकाळी दहाच्या आतच करतो, कारण नंतर सोल्यूशन हात फिरेपर्यंत वाळतं.

एक गोष्ट पैसे दिले तरी करत नाही. गाडी थोडी नवी असून डॅशमध्ये एअरबॅग असेल तर तिच्या झाकणावर भराव किंवा रेक्झिन लावत नाही. ते झाकण वेळेला उघडलंच पाहिजे.

खर्च

वीतभर एक भेग, जागेवरच काम: १,२०० ते १,८०० रुपये. सगळा वरचा भाग भरून, दाणा देऊन रंगवायचा: ३,५०० ते ५,०००. रेक्झिन चढवायचं: ६,००० ते ९,०००, डॅश काढावा लागला तर वरच्या बाजूचा आकडा. भेग एका कोपऱ्यात असेल, पसरत नसेल आणि हातात पैसे नसतील तर तसं सांगा. कडा नीट करून, भेग पुढे जाऊ नये एवढंच करून देतो, ३०० रुपयांत.

भराव केलेली भेग पुढचा पूर्ण उन्हाळा संपेपर्यंत उघडली तर पुन्हा भरून देऊ, पैसे न घेता. त्याहून लांबची हमी द्यायला आमचं मन होत नाही, कारण शेजारचं कव्हर ३०-४० वर्षांचंच राहतं.

५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर आधी बोला. २०२१ च्या नियमांत चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं असं आहे. डॅश त्यात येत नाही, पण अशा गाडीत मूळ डॅशच ठेवावा, रेक्झिन चढवू नये, असं आमचं मत आहे.

घरी काय करावं

सगळ्यांत स्वस्त इलाज आपल्या गावातच विणला जातो. गाडी उभी करताना डॅशवर सोलापुरी टर्किश टॉवेल पसरा, सुती, फिक्या रंगाचा, काचेपासून डॅशच्या कडेपर्यंत पोचेल एवढा. ऊन थेट कव्हरवर पडत नाही. गाडी चालू करण्याआधी मात्र तो काढून मागच्या सीटवर टाका, नाहीतर घसरून पायाशी येतो. गाडीचं तोंड पश्चिमेला नको. राखण असेल तिथे काचा बोटभर खाली ठेवा. धूळ ओल्या कापडाने पुसा, चकाकीच्या पॉलिशने नाही.

गाडी आणायची तर सकाळी लवकर आणा आणि भरावाच्या कामाला दोन दिवस धरा. येताना डॅशचा कप्पा रिकामा करा, डॅशचं जुनं निघालेलं बटण किंवा कव्हरचा तुटलेला तुकडा घरात कुठे ठेवला असेल तर तोही घेऊन या. मूळ रंग उन्हात न गेलेला असा तोच एक तुकडा असतो, आणि त्यावरूनच आम्ही रंग जुळवतो.