एनएफएस माउंट अडकला तर लगेच रीबूट करू नका

मशीन चालू असतं, पिंग लागतो, एसएसएचने लॉगिनही होतं. पण ‘डीएफ’ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) टाइप करून एंटर दाबलं की कर्सर तिथेच बसून राहतो, कंट्रोल-सी दाबूनही सुटत नाही. एनएफएस माउंट, म्हणजे नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरचा आपल्या मशीनला जोडलेला फोल्डर, अडकला की असं होतं. मग आम्हाला फोन येतो आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: ‘रीबूट मारू का?’ बहुतेक वेळा नको. का नको आणि त्याऐवजी काय करायचं, ते इथे सांगतोय. (कमांड उच्चारावरून लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत.)

मुद्दाम काही वेगळं सांगितलं नसेल तर एनएफएस माउंट ‘हार्ड’ असतो. फाइल सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत क्लायंट, म्हणजे तुमचं मशीन, विचारत राहतो, मग एक मिनिट लागो की एक दिवस. हा बिघाड नव्हे. अर्धवट लिहिलेली फाइल कुणाच्या लक्षात न येता मागे राहू नये, म्हणून ते तसं ठेवलंय. ‘डीएफ’ प्रत्येक माउंटला जागा विचारत जातं; त्यातला एक मुका झाला की तेही तिथेच थांबतं. फक्त स्थानिक डिस्क बघायच्या असतील तर ‘डीएफ -एल’ वापरा.

एका ग्राहकाकडे सकाळी लोड अ‍ॅव्हरेज (चालू असलेल्या आणि वाट बघणाऱ्या प्रोसेसची सरासरी संख्या) नव्वदीपार गेला होता आणि सीपीयू जवळजवळ रिकामा. दर 5 मिनिटांनी डिस्कची जागा तपासणारी एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट होती. 8 तासांत 96 ‘डीएफ’ एकामागे एक अडकले होते, आणि असे वाट बघणारे प्रोसेसही लिनक्स लोडमध्ये मोजतं. कारण निघालं फाइल सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये: नियम बदलताना एनएफएसचा 2049 पोर्ट बंद झाला होता. तो उघडला आणि थोड्याच वेळात सगळे प्रोसेस आपोआप संपले. रीबूट केलं असतं तर माउंट पुन्हा लागलाच नसता, आणि आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो.

म्हणून आधी पलीकडचं टोक बघा. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्राइंग’ अशी ओळ दिसते का? सर्व्हरचा 2049 पोर्ट उघडा आहे का? सर्व्हर परत येणार असेल तर वाट बघा. ‘सर्व्हर ओके’ अशी ओळ उमटली की काम थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

सर्व्हर परत येणारच नसेल तर मात्र माउंट सोडवावा लागतो. त्या फोल्डरच्या वाटेला जाऊ नका: ‘सीडी’ नको, ‘एलएस’ नको, नाव पूर्ण करायला टॅब तर मुळीच नको, कारण त्या एका टॅबने तुमचं टर्मिनलही अडकतं. माउंटची यादी ‘कॅट /प्रॉक/माउंट्स’ने घ्या, ती सर्व्हरला काही विचारत नाही. एखादा माउंट जिवंत आहे का हे तपासायचं असेल तर ‘टाइमआउट -एस किल 5 स्टॅट’ आणि पुढे पाथ. नुसता ‘टाइमआउट’ साधा सिग्नल पाठवतो, आणि अडकलेला प्रोसेस त्याला दाद देत नाही.

मग ‘पीएस’मध्ये (चालू प्रोसेसची यादी) स्थिती ‘डी’, म्हणजे वाट बघत अडकलेले, असे प्रोसेस शोधा आणि ‘किल -9’ करा. ‘डी’मधला प्रोसेस मरत नाही असं जुने लोक सांगतात. पण लिनक्स 2.6.25 पासून एनएफएसची वाट बघणारा प्रोसेस ‘-9’ला सहसा मरतो. त्यानंतर ‘यूमाउंट -एफ’. त्याने रखडलेल्या विनंत्या एरर देऊन टाकून दिल्या जातात. पहिल्यांदा ‘बिझी’ आलं तर उरलेले प्रोसेस मारून पुन्हा चालवा. जो डेटा अजून सर्व्हरवर पोहोचला नव्हता तो यात जातो, हे आधीच धरून चला.

‘यूमाउंट -एल’ सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण त्यानेच सुरुवात करतात आणि फसतात. तो फोल्डरवरून माउंटचं फक्त नाव काढतो. आत अडकलेले प्रोसेस तसेच राहतात. शिवाय माउंट यादीतूनच गेल्यामुळे नंतर ‘-एफ’ चालवायला जागा उरत नाही.

‘स्टेल फाइल हँडल’ (क्लायंटने धरलेली फाइल किंवा फोल्डर सर्व्हरवर आता तसा उरलेला नाही) ही वेगळी गोष्ट. तिथे काही अडकत नाही, एरर लगेच येते. फोल्डरमधून बाहेर या, अनमाउंट करून पुन्हा माउंट करा.

‘सॉफ्ट’ माउंट, म्हणजे ठरावीक वेळ वाट बघून एरर देणारा, करून द्या, अशी मागणी वारंवार येते. फक्त वाचायच्या डेटासाठी हरकत नाही. जिथे लिहिणं होतं तिथे आम्ही देत नाही. आणि केलाच, तर ‘टाइमिओ’चा (उत्तराची वाट किती वेळ बघायची, त्याचा) आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो हे विसरू नका: 600 म्हणजे 60 सेकंद.

एवढं करूनही ‘-9’ला न मरणारा प्रोसेस उरला तर रीबूटशिवाय इलाज नसतो. पण बंद होताना नेटवर्क आधी गेलं तर मशीन अनमाउंटपाशीच लटकू शकतं, म्हणून पॉवर बटणापाशी कुणीतरी असू द्या. आणि रीबूट करण्याआधी ‘डीमेसेज’च्या शेवटच्या 50 ओळी, ‘/प्रॉक/माउंट्स’ आणि ‘पीएस’ची यादी आम्हाला पाठवा, मशीन पुन्हा सुरू झाल्यावर यातलं बरंचसं पुसलेलं असतं.