सीयूईटीमधून बीए ऑनर्स मानसशास्त्र : गुण असूनही अर्ज कुठे अडतो

दिल्ली विद्यापीठात मानसशास्त्र शिकायचं म्हणून सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सामायिक परीक्षा, देणारी आपल्याकडची मुलं दरवर्षी वाढताहेत. त्यातल्या बऱ्याच जणांची जागा जाते ती गुणांमुळे नाही, फॉर्ममुळे. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात देतो आणि जिथे मुलं अडतात तिथे जास्त थांबतो.

सर्वांत आधी एक गोष्ट. सीयूईटीचा फॉर्म म्हणजे विद्यापीठाचा अर्ज नव्हे. परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते, तिचं काम स्कोअर देण्यापुरतं. दिल्ली विद्यापीठासाठी सीएसएएस नावाच्या त्यांच्या जागावाटपाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क लागतं, आणि बाकीच्या विद्यापीठांचीही आपापली पोर्टलं आहेत. निकाल लागल्यावर आता यादीत नाव येईल म्हणून घरी वाट बघत बसलेली मुलं पाहिली की जीव तुटतो. कुणीही फोन करून बोलावत नाही.

आता विषयांची निवड. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. बारावीला मानसशास्त्र असलंच पाहिजे अशी अट नाही, सायन्स-कॉमर्सची मुलंही पात्र आहेत. पण सायन्सची मुलगी विचार करते की मानसशास्त्राला जायचंय तर पेपरही मानसशास्त्राचाच द्यावा. एनटीएचा फॉर्म तिला अडवत नाही, कारण 2025 पासून बारावीला नसलेला विषयही परीक्षेत निवडता येतो. दिल्ली विद्यापीठ मात्र बारावीला शिकलेल्या विषयांचेच पेपर धरतं. म्हणजे तिने वर्षभर घोकून मिळवलेले गुण तिथे मोजलेच जात नाहीत. एका यंत्रणेने परवानगी द्यायची, दुसरीने नाकारायचं आणि भरडायचं मुलांनी, हे योग्य नाही. पण सध्या नियम असा आहे. तेव्हा तिने इंग्रजी, जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि पाचवा पेपर म्हणून जनरल टेस्ट घ्यावी. पाचपेक्षा जास्त विषय घेता येत नाहीत. विद्यापीठ एक भाषा आणि तीन विषय, किंवा एक भाषा, दोन विषय आणि जनरल टेस्ट अशी बेरीज लावतं. प्रत्येक पेपर 250 गुणांचा, म्हणजे गुणवत्ता 1000 पैकी ठरते. बारावीचे टक्के पात्रतेपुरते किंवा गुण सारखे पडले तरच बघतात.

आर्ट्सला मानसशास्त्र घेतलेल्यांनी तो पेपर जरूर द्यावा. फक्त तो एनसीईआरटीच्या पुस्तकावर असतो आणि आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकाची मांडणी वेगळी आहे. एनसीईआरटीचं पुस्तक वेगळं वाचावंच लागतं.

प्रवर्गाच्या कागदांवर सर्वांत जास्त घोळ होतो. व्हीजे, एनटी, एसबीसी, एसईबीसी हे आपल्या राज्याचे प्रवर्ग. केंद्राच्या फॉर्ममध्ये ते नसतात. तिथे एससी, एसटी, ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमीलेअर ओबीसी), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) एवढेच, शिवाय दिव्यांग. धनगर समाजाचा मुलगा फॉर्ममध्ये एनटी-सी शोधतो, सापडत नाही, आणि शेवटी जनरलवर टिक करून मोकळा होतो. प्रत्यक्षात धनगर आणि वंजारी दोन्ही समाज केंद्रीय यादीत ओबीसी आहेत, म्हणजे ओबीसींच्या 27 टक्के जागांत त्याचा हक्क होता! आपली जात केंद्रीय यादीत कुठे आहे ते फॉर्म भरण्याआधी बघा. त्या यादीत नसाल आणि उत्पन्न-मालमत्तेच्या अटींत बसत असाल, तर ईडब्ल्यूएसचा विचार करा. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं आणि शेती पाच एकरांहून कमी.

ओबीसींसाठी नॉन-क्रिमीलेअर केंद्रीय नमुन्यातलंच हवं. सेतू केंद्रावर नुसतं "नॉन-क्रिमीलेअर पाहिजे" म्हटलं की सवयीने राज्याचा नमुना हातात पडतो. कागद तिथेच वाचा. भारत सरकारच्या नोकरी-प्रवेशासाठी असल्याचा उल्लेख आणि केंद्रीय यादीच्या ठरावाचा क्रमांक त्यावर दिसला पाहिजे. तीन वर्षं मुदतीचं जुनं प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण विद्यापीठ प्रवेशाच्या वर्षात, म्हणजे नवं आर्थिक वर्ष लागल्यावर काढलेलं मागतं. ईडब्ल्यूएसलाही तेच. एप्रिल लागताच अर्ज टाका, जूनमध्ये प्रांत कार्यालयात रांग लागते. जात वैधता प्रमाणपत्र जवळ असलं तरी त्यामुळे या कागदाची गरज टळत नाही.

बाकी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो, सही हे नेहमीचंच. नाव मात्र दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे टाका. आपल्या मंडळाच्या कागदावर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा शेवटी, आणि तिथे गोंधळ होतो. परीक्षेच्या फॉर्ममधली माहिती पुढे विद्यापीठाच्या पोर्टलवर आपोआप येते, म्हणून चूक करेक्शन विंडो (फॉर्म दुरुस्तीची मुदत) उघडी असतानाच सुधारा.

कॉलेजांची पसंती भरताना हात आखडू नका, विशेषतः मुलांनी. लेडी श्रीराम, गार्गी, कमला नेहरू, दौलतराम ही मानसशास्त्रासाठी नावाजलेली कॉलेजं फक्त मुलींची आहेत. मुलांना केशव महाविद्यालय, झाकीर हुसेन, आर्यभट्ट अशी मोजकीच दारं उरतात. त्यांनी बीए प्रोग्रॅम या दोन मुख्य विषयांच्या पदवीतल्या मानसशास्त्राच्या जोड्याही यादीत घ्याव्यात.

जागा मिळाल्यावर ती दिलेल्या मुदतीत स्वीकारा, कॉलेजने कागद तपासले की फी भरा आणि मगच "अपग्रेड" (पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे जाण्याचा पर्याय) निवडा. पुढच्या फेरीत चांगलं कॉलेज मिळेल म्हणून पहिली जागा तशीच सोडून दिली, तर नकार समजून तुम्हाला पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर काढतात.

जागा नाहीच मिळाली, तर दूरशिक्षणाने मानसशास्त्र करू असं मनात धरू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयाचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. जुन्या जाहिराती अजून फिरतात, त्यांना पैसे देऊ नका. राज्यातल्या नियमित कॉलेजचा अर्ज सीयूईटीच्या निकालाची वाट न बघता सोबतच भरून ठेवा.