बाथटबच्या काठाची हलती फट

बाथटब आणि टाइल्सची भिंत यांच्यामधली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवायची, ही आपल्याकडच्या बऱ्याच मिस्त्रींची जुनी रीत. काम झालं त्या दिवशी ती रेघ सुरेख दिसते. काही महिन्यांत तिच्यात बारीक भेग पडते, खालच्या घराच्या छताला ओल येते आणि सोसायटीत वादावादी सुरू होते. दोष मिस्त्रीच्या हाताला दिला जातो. पण कितीही निगुतीनं भरलं तरी सिमेंट तिथं टिकत नाही, कारण ती फट कधीच स्थिर नसते.

टबात १५० लिटर पाणी भरलं की १५० किलो वजन आलं. त्यात माणूस बसला की सव्वादोनशे किलोच्या आसपास. एवढ्या भारानं टब किंचित दबतो, काठ खाली जातो आणि फट रुंदावते. पाणी सोडलं की पुन्हा मिटते. शिवाय उष्णता आहेच. बरेच टब अ‍ॅक्रिलिक या प्लॅस्टिकचे असतात आणि ते सिरॅमिक टाइलच्या साधारण दहापट प्रसरण पावतं. १.७ मीटर लांबीचा अ‍ॅक्रिलिक टब २० अंशांनी तापला, तर तो सुमारे २.४ मिलिमीटर लांब होईल. काठ तळाइतका तापत नाही म्हणून निम्मंच धरलं, तरी मिलिमीटरभर सरकणं आलंच. सिमेंट दाब छान सोसतं, ताण मात्र फार थोडा. रोजच्या आंघोळीबरोबर ते ओढलं जातं आणि तडकतं.

ही भेग डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला ती पुरते. केशाकर्षणाचा हिशेब असा, की फट जितकी अरुंद, तितकं पाणी तिच्यात जास्त ओढलं जातं. ०.१ मिलिमीटरच्या फटीत ते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकतं. टबाच्या मागे उतरायला तर त्याला चढावंही लागत नाही.

म्हणून तिथं सिलिकॉन हवं, म्हणजे ट्यूबमधून भरायचा आणि नंतर रबरासारखा होणारा लवचिक पदार्थ. त्याच्या रेणूंच्या साखळीत सिलिकॉन याच नावाच्या मूलद्रव्याचे आणि ऑक्सिजनचे अणू आलटून पालटून येतात आणि त्यांच्यातले बंध सहज वाकतात, वळतात. त्यामुळे साखळी ओढली की उलगडते, सोडली की पुन्हा गुंडाळली जाते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रसायनांचा पाया घातला. त्यातून व्यवहाराला फारसं काही मिळेल, असं त्यांना स्वतःला वाटत नव्हतं.

तरी नुसती ट्यूब आणून गन दाबली की झालं, असं नाही. चांगलं सिलिकॉन रुंदीच्या साधारण २५ टक्के हालचाल सोसतं. म्हणजे ६ मिलिमीटर रुंद फटीत दीड मिलिमीटर, आणि २ मिलिमीटर फटीत जेमतेम अर्धा. टब भिंतीला अगदी चिकटवून बसवणं नीटनेटकं दिसतं, पण सिलिकॉनला काम करायला जागाच उरत नाही.

त्याहून महत्त्वाची, आणि जवळजवळ कुणीच न पाळलेली गोष्ट म्हणजे सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटायला हवं: टबाला आणि टाइलला. रबरासारखा पदार्थ ताणला तरी त्याचं आकारमान बदलत नाही. तो रुंद झाला की मध्ये बारीक व्हावाच लागतो. मागची बाजूही चिकटलेली असेल तर त्याला बारीक होता येत नाही, सगळा ताण कडांवर येतो आणि तिथून ते फाटतं किंवा सुटतं. म्हणून आधी फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवायची. सिलिकॉन तिला घट्ट चिकटत नाही, आणि भरावाची खोलीही ती आटोक्यात ठेवते. रुंदीच्या निम्मी खोली पुरते.

भरण्याआधी टबात काठोकाठ पाणी घ्यावं. फट सर्वांत रुंद असताना सिलिकॉन भरलं आणि ते पक्कं झाल्यावरच पाणी सोडलं, तर पुढं ते बहुतेक वेळ किंचित दाबलेलं राहतं. ताणापेक्षा दाब त्याला मानवतो. पक्कं व्हायला वेळ लागतो: हवेतली वाफ घेऊन ते बाहेरून आत, दिवसाला साधारण २-३ मिलिमीटर घट्ट होत जातं. नेहमीच्या प्रकाराला येणारा व्हिनेगरसारखा वास याच क्रियेत सुटणाऱ्या अ‍ॅसिटिक आम्लाचा. हे आम्ल संगमरवराला खातं, तेव्हा तिथं हे आम्ल न सोडणारं 'न्यूट्रल' प्रकारचं सिलिकॉन घ्यावं. पावसाळ्यातली दमट हवा या क्रियेला मदतच करते, मात्र फटीच्या कडा पूर्ण कोरड्या हव्यात. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. आधीचं सगळं खरवडून काढावंच लागतं.

एवढं करूनही सिलिकॉन हा पाण्याला अडवणारा पहिला पहारा आहे, शेवटचा नव्हे. टबाच्या भिंतीकडच्या काठाला उभी पट्टी असावी, भिंतीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर तिच्यावरून खाली यावा आणि त्यावर टाइल बसावी. मग सिलिकॉन कुठं सुटलं तरी आत शिरलेलं पाणी टबातच परततं. हे टाइल लागण्याआधी, मिस्त्री समोर असतानाच पाहून घ्यावं.