लिनक्सवरील डायल-अप लॉगिनचे दोषनिदान

टेलिफोनच्या तारेवरून मोडेमच्या साह्याने इंटरनेट सेवादात्याशी जोडणी करताना लिनक्स प्रणालीवर लॉगिन का अडते, याचा टप्प्याटप्प्याने शोध घेण्याची ही पद्धत आहे. जोडणी तुटली की पासवर्ड चुकला असावा, असा पहिला संशय येतो. पण तो पुष्कळदा खरा नसतो. संगणकाने मोडेमशी बोलणे, मोडेमने नंबर लावणे, दोन्ही टोकांच्या मोडेमांची गाठ पडणे, पीपीपी या नियमावलीनुसार बोलणी होऊन ओळख पटणे आणि शेवटी आयपी पत्ता मिळणे अशी अनेक कामे ‘लॉगिन’ या एका शब्दात सामावलेली असतात. यांपैकी नेमके कोणते काम अडले हे ठरवल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला तीर होय.

पहिल्या टप्प्यात मोडेम संगणकाला दिसतो का, हे पाहावे लागते. मिनिकॉमसारख्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये ‘एटी’ ही दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबल्यावर ‘ओके’ असे उत्तर आले, तर पोर्ट, केबल आणि मोडेम ठीक आहेत असे समजावे. १९८१ मध्ये बाजारात आलेल्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली ही आज्ञाभाषा जवळजवळ सर्वच मोडेमांना कळते. उत्तर न येण्याचे एक मोठे कारण म्हणजे विनमोडेम. या स्वस्त कार्डांत मोडेमचे बरेचसे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर ढकललेले असते, त्यामुळे योग्य ड्रायव्हर नसेल तर लिनक्सला तेथे मोडेम असल्याचे जाणवतच नाही. ल्यूसेंट, स्मार्टलिंक, कोनेक्झंट यांच्या काही चिपांसाठी ड्रायव्हर मिळत, सर्वांसाठी नाही. बाहेरून सीरियल पोर्टला जोडायचा मोडेम म्हणूनच लिनक्स वापरणाऱ्यांना अधिक भरवशाचा वाटे. मोडेम चांगला असूनही पोर्ट उघडत नसेल, तर वापरकर्ता डेबियन या लिनक्स प्रकारातील ‘डायलआउट’सारख्या, पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात आहे का, हे तपासावे, आधीच्या प्रोग्रॅमने मागे ठेवलेली, पोर्ट व्यग्र असल्याची खूण असणारी कुलूप-फाइलही आड येऊ शकते.

नंबर लावताना मोडेम ‘बिझी’, ‘नो डायलटोन’, ‘नो कॅरियर’ अशी उत्तरे देतो. फोनच्या हँडसेटमध्ये डायलटोन स्वच्छ ऐकू येत असतानाही मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणत असेल, तर त्या एक्सचेंजचा स्वर मोडेमला ओळखता येत नाही, असा अर्थ निघतो. अमेरिकेबाहेर असे वारंवार घडे. सुरुवातीच्या आज्ञेत ‘एक्स ३’ घातल्यावर मोडेम डायलटोनची वाट न पाहता नंबर लावतो. जुन्या एक्सचेंजवर टोनऐवजी पल्स डायलिंग लागते, त्यासाठी नंबर लावण्याच्या ‘एटीडीटी’ या आज्ञेच्या जागी ‘एटीडीपी’ लिहावे.

मोडेमांची गाठ पडून ‘कनेक्ट’ आल्यानंतरचा भाग सर्वांत फसवा असतो. काही सेवादाते आधी अक्षरांत लॉगिन आणि पासवर्ड विचारतात, तर काही थेट पीपीपी सुरू करतात. यांतला फरक टर्मिनलमध्ये डोळ्यांनी पाहता येतो: पडद्यावर ‘लॉगिन’चा प्रश्न उमटला तर पहिला प्रकार; लहरीसारखी टिल्ड चिन्हे, महिरपी कंस आणि निरर्थक अक्षरे यांची रांग उमटू लागली तर दुसरा. ही अक्षरे म्हणजे बिघाड नव्हे, पलीकडचे यंत्र पीपीपीची चौकट पाठवत आहे. पहिल्या प्रकारात चॅट या छोट्या प्रोग्रॅमला ‘हा शब्द दिसला की हे उत्तर दे’ असे लिहून द्यावे लागते. त्यात ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर मुद्दाम गाळतात, कारण ते मोठे येईल की लहान याचा नेम नसतो. डब्ल्यूव्हीडायल हा प्रोग्रॅम प्रश्न स्वतः ओळखू पाहतो. त्याचा अंदाज चुकला तर ‘स्टुपिड मोड’ चालू केल्यावर तो काही न विचारता थेट पीपीपी सुरू करतो.

‘सीरियल लाइन इज लूप्ड बॅक’ हा लॉगमधील (प्रणालीने ठेवलेल्या नोंदींतील) संदेश याच ठिकाणी समजून घ्यावा. पलीकडे पीपीपी सुरूच झालेले नसते. तेथील लॉगिनचा प्रश्न किंवा शेल (टाइप केलेल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) आपण पाठवलेली अक्षरे जशीच्या तशी परत पाठवतो आणि आपल्या बाजूने पीपीपी चालवणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅमला आपलेच बोलणे ऐकू येते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा स्वस्त शेल खात्यावर फक्त अक्षरांचा पडदा मिळे आणि पीपीपीसाठी महागडे टीसीपी-आयपी खाते घ्यावे लागे. शेल खात्यावर थेट पीपीपीडी चालवून पाहणाऱ्यास हा अडथळा येणे स्वाभाविक होते.

ओळख पटवण्याच्या पॅप आणि चॅप या दोन पद्धती प्रचलित आहेत. पॅपमध्ये पासवर्ड उघड स्वरूपात जातो. चॅपमध्ये पलीकडून आलेला आव्हान-मजकूर आणि पासवर्ड यांतून एमडी-५ या गणिती रीतीने काढलेले मूल्य पाठवले जाते, पासवर्ड स्वतः तारेवरून जात नाही. कोणती पद्धत हवी हे सेवादाता ठरवतो, म्हणून ‘पॅप-सीक्रेट्स’ आणि ‘चॅप-सीक्रेट्स’ या दोन्ही फाइलींत नाव आणि पासवर्ड यांची तीच ओळ लिहिणे शहाणपणाचे असते. ओळीतील पहिले नाव पीपीपीडीच्या ‘युजर’ पर्यायातील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. तो पर्याय दिलाच नाही, तर संगणकाचे स्वतःचे नाव वापरले जाते आणि बरोबर लिहिलेला पासवर्डही सापडत नाही. पासवर्डात जागा किंवा हॅश चिन्ह असेल तर तो अवतरणचिन्हांत ठेवावा.

‘पलीकडच्या यंत्राने स्वतःची ओळख पटवावी’ अशा अर्थाचा संदेश आला तर वापरकर्ते उगाच पासवर्ड बदलत बसतात. येथे मागणी आपल्याच संगणकाची असते. सेवादाता ग्राहकापुढे आपली ओळख सिद्ध करत नाही, म्हणून ‘नोऑथ’ हा पर्याय दिल्यावर अडचण सुटते. याउलट सविस्तर नोंदी ठेवणारा ‘डीबग’ पर्याय चालू ठेवून पाहिलेल्या लॉगमध्ये ‘ऑथनॅक’ दिसले, किंवा पीपीपीडी १९ हा संकेतांक देऊन बंद पडला, तर नाव किंवा पासवर्ड खरोखरच नाकारला गेला आहे. चॅटची आज्ञावली फसल्यास ८, बोलणी फिसकटल्यास १०, मोडेमने फोन ठेवल्यास १६ आणि लूपबॅकसाठी १७ हे संकेतांक येतात.

लॉगिन होऊन पत्ता मिळाल्यावरही पाने उघडत नसतील, तर दोष ओळखीचा नसतो. आकडी पत्त्यावर पिंग (पलीकडचे यंत्र उत्तर देते का, हे पाहणारी चाचणी) जाते पण नावावर जात नाही, असे दिसले तर नावांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांची माहिती सेवादात्याकडून मागणारा ‘यूजपीअरडीएनएस’ हा पर्याय घालावा. आकडी पत्त्यावरही जात नसेल, तर इथरनेट कार्डासाठी आधीच नोंदलेला डिफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या माहितीचा ठरलेला मार्ग) काढून टाकावा, कारण पीपीपीडी सहसा तो आपणहून बदलत नाही.