खिडकीचा स्प्रिंग बॅलन्स

खालीवर सरकणारे तावदान जिथे सोडले तिथेच थांबावे, यासाठी खिडकीच्या चौकटीत दोन्ही उभ्या बाजूंना बसवलेली स्प्रिंगची यंत्रणा. तावदान म्हणजे इथे काच आणि तिच्याभोवतीची सरकती चौकट, दोन्ही मिळून. फॅब्रिकेटर त्यालाच शटर म्हणतात. बॅलन्सचे काम तावदान आपणहून उचलण्याचे नाही, त्याचे वजन तोलून धरण्याचे आहे. तोल नेमका साधला असेल तर दहा किलोचे तावदान दोन बोटांनी वर जाते आणि मध्येच सोडले तरी हलत नाही.

पुण्यात सरकती खिडकी म्हटले की आडवी सरकणारीच डोळ्यांसमोर येते. तिचे वजन खालच्या ट्रॅकवरच्या चाकांवर असते, त्यामुळे तिला बॅलन्स लागत नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्या बिजागरीवर फिरणाऱ्या झडपांच्या. उभी सरकती खिडकी भेटते ती यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या बसवलेल्या काही घरांत, तिकिटाच्या किंवा रोखीच्या खिडकीला, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतल्या फ्यूम हूडला, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाला. घरासाठी ती खरे तर फार सोयीची आहे. बाहेर लोखंडी ग्रिल आणि आत पडदा असला तरी तिचे तावदान कुठेच आडवे येत नाही. वरचे तावदान वीतभर खाली आणि खालचे वीतभर वर केले, की छताखालची गरम हवा वरून बाहेर पडते आणि गार हवा खालून आत येते. एप्रिलच्या संध्याकाळी हा फरक चांगला जाणवतो.

आगगाडीच्या खिडकीशी मात्र बॅलन्सची गल्लत करू नये. जुन्या, आयसीएफ (चेन्नईची इंटिग्रल कोच फॅक्टरी) पद्धतीच्या बिगरवातानुकूलित डब्यांत काचेचे आणि पट्ट्यांचे अशी दोन्ही शटरे वर उचलायची असतात. लोणावळ्याच्या पुढे घाटात पाऊस आत येऊ लागला की सगळ्या डब्यात ती धडाधड खाली येतात. तिथली स्प्रिंग फक्त खिट्टीत असते. खिट्ट्या दाबून शटर उचलायचे आणि वर नेऊन सोडले की त्या बाजूच्या खाचेत जाऊन बसतात. वजन कोणीच तोललेले नसते, ते खिट्टीच्या टोकावर लटकलेले असते. खिट्टी नीट बसली नसेल, किंवा खाच झिजून गोल झाली असेल, तर गाडीच्या हादऱ्याने शटर निसटते आणि खाली कुणाचा हात असला तर बोटे ठेचतात. म्हणून शटर वर केल्यावर ते एकदा खाली ओढून पाहावे. दोन्ही बाजू घट्ट लागल्या तरच खिडकीवर कोपर टेकावे.

वजनापासून स्प्रिंगपर्यंत

उभ्या सरकत्या खिडक्या इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाल्या. त्यांचे तावदान दोरी, कप्पी आणि ओतीव वजनांनी तोललेले असे. प्रत्येक बाजूच्या वजनाने तावदानाचा निम्मा भार घ्यायचा. ही रचना आजही सर्वांत अचूक आहे, कारण वजन वर असो वा खाली, त्याची ओढ तीच राहते. फ्यूम हूडला आजही बहुधा याच कारणाने तारदोर आणि वजने वापरतात. या रचनेची अडचण जागेची आहे. वजन वरखाली जायला चौकट दोन्ही बाजूंनी पोकळ पेटीसारखी करावी लागते, आणि आतली दोरी कुजली की ती पेटी उघडूनच बदलता येते.

स्प्रिंग बारीक खाचेत मावते, पण ती वजनासारखी वागत नाही. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम असा, की स्प्रिंग जितकी ताणावी तितकी तिची ओढ वाढते. तावदान खाली असताना स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते आणि वर जाता जाता सैल पडते. परिणामी साध्या स्प्रिंगवर टांगलेले तावदान खाली टेकवल्यावर उसळून वर येते आणि वर नेल्यावर घसरते. बॅलन्सचे सगळे प्रकार म्हणजे या एका दोषावर काढलेले वेगवेगळे उपाय आहेत.

आकड्यांत पाहू. काच ९०० × ६०० मिलिमीटरची आणि ५ मिलिमीटर जाड आहे. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे २.५ किलो धरतात. म्हणजे काच झाली ६.७५ किलो. भोवतीची चौकट पावणेतीन किलो धरली तर एकूण ९.५ किलो, आणि प्रत्येक बाजूला ४.७५ किलो, म्हणजे सुमारे ४७ न्यूटन. तावदान ५०० मिलिमीटर सरकणार. एवढ्या प्रवासात ओढ मधल्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमीजास्त होऊ द्यायची नसेल, तर साधी स्प्रिंग मध्यावर असताना अडीच मीटर ताणलेली हवी. एवढी जागा कुठल्याच चौकटीत नाही.

प्रकार

कप्पीचा बॅलन्स. पन्हळीच्या आकाराच्या लांब पट्टीत ताणाची स्प्रिंग, तिला जोडलेल्या छोट्या कप्प्या आणि त्यांवरून फिरवलेली दोरी. दोरीचे चार पदर असतील तर तावदान ५०० मिलिमीटर सरकताना स्प्रिंग फक्त १२५ मिलिमीटर ताणली जाते. मात्र तिला चौपट जोर, म्हणजे १८८ न्यूटन, धरावा लागतो. वरच्या हिशेबातले अडीच मीटर आता ६२ सेंटिमीटरवर येतात. वेटोळी एकमेकांवर आवळून गुंडाळली की स्प्रिंगमध्ये आरंभीचाच ताण भरला जातो आणि लांबी आणखी घटते. उरलेला दहा टक्क्यांचा फरक दोन्ही बाजू मिळून जेमतेम एक किलोचा असतो. तो ब्रशपट्टीचे (तावदानाच्या कडेची फट बुजवणाऱ्या केसाळ पट्टीचे) आणि खाचेचे घर्षण पेलते. म्हणून थोडे घर्षण हवेच. ब्रशपट्टी झिजून गेलेले तावदान बॅलन्स उत्तम असूनही सरकू लागते ते यामुळे.

पिळाचा बॅलन्स. बोटाएवढ्या जाडीची नळी, तिच्यात पिळाची स्प्रिंग आणि मधोमध पट्टी पिळून केलेली लांब दांडी. नळी चौकटीला वर एका स्क्रूने लावलेली असते आणि दांडीचा आकडा तावदानाच्या तळाला अडकवलेला असतो. तावदान खाली येते तशी दांडी नळीतून बाहेर ओढली जाते आणि नळीच्या तोंडाशी असलेली खाचेची बोंडी स्प्रिंगला पीळ भरते. दांडीचे पीळ सगळीकडे सारखे नसतात, हे या प्रकारातले खरे कसब. जिथे स्प्रिंगचा जोर वाढलेला असतो तिथे पीळ विरळ आणि जिथे जोर कमी तिथे दाट ठेवतात. त्यामुळे वाढलेला जोर दांडीवर तितका उतरत नाही आणि ओढ जवळपास एकसारखी राहते. बसवल्यानंतरही ताण कमीजास्त करता येणारा हाच प्रकार. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत चांगला.

पट्टीचा बॅलन्स. स्टेनलेस पोलादाची पातळ पट्टी, मोजपट्टीसारखी गुंडाळी झालेली. पट्टी अशी घडवतात की तिचा प्रत्येक इंच गुंडाळायलाच बघतो. ती उलगडताना जोर लागतो तो फक्त गुंडाळीपासून सुटत असलेल्या तेवढ्याच भागाला, म्हणून कितीही उलगडली तरी ओढ तीच. पूर्ण ओढ येण्यासाठी आधी गुंडाळीच्या व्यासाच्या सुमारे सव्वापट पट्टी बाहेर निघालेली हवी. तावदान अगदी वर असतानाही तेवढी उरेल अशी गुंडाळी बसवावी लागते. जड तावदानाला एकाखाली एक अशा दोन किंवा तीन गुंडाळ्या लावतात. यात फिरवून जुळवण्याजोगे काही नसते. वजन चुकले तर गुंडाळीच बदलायची.

याखेरीज चौकटीच्या माथ्यात डबीत घड्याळासारखी स्प्रिंग आणि तिला पोलादी फीत, असाही एक जुना प्रकार आहे.

वजन आधी, स्प्रिंग नंतर

बॅलन्स खिडकीच्या मापावर निवडत नाहीत, तावदानाच्या वजनावर निवडतात. तावदान काढून ते हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे. उंची आणि सरकण्याचे अंतर वेगळे मोजावे. जुना बॅलन्स बदलायचा असेल तर पट्टीवर ठोकलेला क्रमांक किंवा टोकाच्या प्लास्टिकचा रंग जपून ठेवावा. ताकद बहुधा त्यांवरूनच कळते. बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात किंवा फॅब्रिकेटरकडे जाताना जुना नग पिशवीत असू द्यावा, कारण तोंडी वर्णनावरून बरोबर नग क्वचितच मिळतो.

पुण्यात एक चूक नेहमी होते ती इथेच. कर्वे रस्ता किंवा सिंहगड रस्त्यावरच्या घरात वाहनांचा आवाज कमी करायचा म्हणून ५ मिलिमीटरची काच काढून ५ + ५ मिलिमीटरची लॅमिनेटेड काच, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचा, घालतात. आवाज खरोखर कमी होतो. पण काच आता पावणेसात किलोची न राहता मधल्या थरासकट सव्वाचौदा-साडेचौदा किलोची होते आणि तावदान ९.५ किलोवरून सुमारे १७ किलोवर जाते. बॅलन्स जुनेच राहतात. साडेसात किलो बिनतोलाचे असलेले ते तावदान वर नेऊन सोडले की थेट खालच्या चौकटीवर आदळते. काच बदलण्याच्या अंदाजपत्रकात बॅलन्सच्या नव्या जोडीचा आकडा नसेल तर काम अपुरे आहे असे समजावे.

बिघाड आणि दुरुस्ती

तावदान वरून हळूहळू घसरत असेल तर ताण कमी आहे. खाली टेकवल्यावर बोटभर उचलले जात असेल आणि कडी लागत नसेल तर ताण जास्त आहे. तिरके जाऊन अडकत असेल तर एका बाजूचा बॅलन्स गेला आहे, किंवा दोन्हींचा ताण सारखा नाही. धाडकन पडले तर कप्पीची दोरी तुटलेली, आकडा निसटलेला किंवा पट्टीला आडवी चीर जाऊन ती मोडलेली असते. एकच बाजू गेली तरी दोन्ही बॅलन्स बदलावेत. जुनी स्प्रिंग आणि नवी स्प्रिंग यांची ओढ जुळत नाही आणि तावदान कायमचे तिरके चालते.

तावदान नुसते जड झाले असेल तर स्प्रिंगला दोष देण्याआधी खाच तपासावी. दोन्ही बॅलन्स सोडवून तावदान मोकळे सरकवून पाहिले की लगेच कळते. मोकळे तावदान स्वतःच्या वजनाने खाली यायला हवे. तेही अडत असेल तर दोष खाचेत आहे. लाकडी तावदान जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणाने फुगते. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंग घट्ट करू नये, नाहीतर दिवाळीनंतर लाकूड वाळले की तेच तावदान उसळू लागते. यूपीव्हीसीचे तावदान उन्हाळ्यात रुंदावते. ९०० मिलिमीटर रुंदीला तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर सुमारे २ मिलिमीटर, ॲल्युमिनियमला तेवढ्याच फरकाने जेमतेम ०.६ मिलिमीटर. थंडीत बसवलेल्या खिडकीला बाजूंना तेवढी फट सोडली नसेल तर ती मे महिन्यात दुपारी अडते आणि रात्री सुटते.

पिळाच्या बॅलन्सचा ताण जुळवताना तावदान पूर्ण वर न्यावे आणि त्याखाली लाकडी टेकू द्यावा. हाताने धरून काम करू नये. मग आकडा सोडवायचा, पण क्षणभरही मोकळा ठेवायचा नाही. सुटलेली दांडी भिंगरीसारखी फिरते आणि तिची धार बोटे कापते. आकडा पकडीत धरून थोडा खाली ओढावा. ज्या दिशेला फिरवताना हाताला वाढता जोर लागतो ती घट्ट करण्याची दिशा. एका वेळी एकच फेरा, दुसऱ्या बाजूलाही तितकाच, मग आकडे लावून तावदान तीन ठिकाणी सोडून पाहायचे: खाली, मध्यावर आणि वर. तिन्ही ठिकाणी थांबले की काम झाले.

पुसण्यासाठी आत झुकणाऱ्या तावदानात बॅलन्स एका सरकत्या गुटक्याला जोडलेला असतो. तावदान झुकवले की त्याच्या तळाची दांडी गुटक्यातली कॅम (फिरली की आवळणारी चकती) फिरवते आणि गुटका खाचेत आवळून बसतो. पुरते झुकवण्याआधीच तावदान ओढून काढले तर मोकळा गुटका स्प्रिंगच्या जोराने वर झेपावतो. तो खाली आणताना डोळ्यांवर चष्मा हवा. रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर कॅमच्या खाचेत घालून ती सोडवावी, गुटका घट्ट धरून खाली ओढावा, दुसऱ्या बाजूच्या गुटक्याच्या उंचीला आणून कॅम पुन्हा आवळावी. उंची जुळली नाही तर तावदान बसते, पण कोपऱ्यात फट राहते.

दोन तावदानांच्या खिडकीत वरच्या तावदानाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याचा बॅलन्स सैल पडला की माथ्याशी बोटभर फट पडते. ती पडद्याच्या दांडीमागे झाकलेली असते आणि पहिल्या जोरदार पावसात भिंतीवर ओघळ आला की मगच कळते. मे संपायच्या आत वरचे तावदान ढकलून पाहावे आणि कडी लावावी.

खाचेत तेल घालू नये. फेब्रुवारी ते मेमधली धूळ तेलावर बसते आणि तिचा चिकट लगदा होतो, तो कप्पीत गेला की दोरी घासून तुटते. घरात हाताशी असते ते खोबरेल तर आणखी वाईट, कारण ते २४ अंशांच्या आसपास गोठते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी अडलेले आणि दुपारी आपोआप मोकळे झालेले तावदान दिसले की कोणीतरी खाचेत खोबरेल सोडले आहे असे खुशाल समजावे. अशी खाच कोमट साबणाच्या पाण्याने ब्रश लावून धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग कोरड्या सिलिकॉनच्या फवाऱ्याचा एक पातळ हात द्यावा. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, वर्षाला एवढे पुरते.