तरंगतात म्हणजे गुरुत्वाकर्षण नसतं, असं नाही

जून 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पोचले आणि टीव्हीवर जुनं पालुपद पुन्हा सुरू झालं: शून्य गुरुत्वाकर्षणात तरंगणारे अंतराळवीर. 1984 मध्ये राकेश शर्मा सॅल्यूत 7 या सोव्हिएत अंतराळस्थानकावर गेले तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हाही हेच ऐकलं होतं आणि खरंही मानलं होतं.

गुरुत्वाकर्षण नसणं वेगळं, वजन न जाणवणं वेगळं. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना ठाऊक आहे, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वगैरे, म्हणजे अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई. फक्त ते अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं असतं, हे लोक विसरतात. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हाच केंद्रापासून सुमारे 6371 किलोमीटर लांब असतो. स्थानक त्याच्यावर आणखी 400, म्हणजे मुंबईहून पणजी सरळ रेषेत जेवढी लांब, साधारण तेवढंच. एवढ्याशा फरकाने ओढ संपेल कशी? समजा, 400 किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या गच्चीवर वजनकाटा ठेवला. इथे 70 भरणारा माणूस तिथे 62 किलो भरेल. तरंगणार अजिबात नाही.

मग स्थानकातला माणूस का तरंगतो? खरा घोळ इथे आहे. आपल्याला जे 'वजन' जाणवतं ती पृथ्वीची ओढ नसतेच. जाणवतो तो जमिनीचा, खुर्चीचा, गादीचा आपल्याला वर ढकलणारा रेटा. काटासुद्धा तोच दाखवतो. रेटा गेला की वजन गेलं, ओढ मात्र जागच्या जागी. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलाय ना? गतिरोधकावर बस आदळते, आपण बाकावरून उडतो आणि अर्धा क्षण पोटात गोळा येतो. त्या अर्ध्या क्षणात आपण अंतराळवीरच असतो. त्यांचा तो क्षण महिनोन्‌महिने चालतो, एवढंच.

कारण स्थानक सतत पडत असतं. पुस्तकातला शब्द मुक्त पतन. त्यातला माणूस, त्याचा टूथब्रश, पाण्याचा थेंब आणि भोवतीच्या भिंती सगळं एकाच त्वरणाने, म्हणजे वेग सारखाच बदलत, पडतं, मग कोण कोणाला रेटणार? पण पडतंय तर जमिनीवर आदळत का नाही? कारण ते आडवंही धावतंय, सेकंदाला जवळपास 7.7 किलोमीटर. एका सेकंदात ते सव्वाचार मीटरच्या आसपास खाली येतं आणि तेवढ्या आडव्या अंतरात गोल पृथ्वीही तेवढीच खाली वळलेली असते. पडणं चालू राहतं, जमीन काही हाती लागत नाही. साधारण दीड तासात एक फेरी होते. चंद्राचंही हेच, फक्त त्याला एका फेरीला 27 दिवस लागतात.

इथे हमखास कोणीतरी शहाणा म्हणतो, 'केंद्रोत्सारी बल (गोल फिरताना बाहेर फेकतंय असं वाटतं ते) गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतं, म्हणून ते पडत नाही.' या वाक्याने माझं डोकं फिरतं. अहो, बाहेरून पाहताना दोन्ही बलं खरंच तुल्यबळ असती तर स्थानक वळलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं. ते वळतं, कारण त्याच्यावर एकच मोठी ओढ आहे आणि तिला तोलायला कोणी नाही. स्थानकात बसून हिशोब मांडणाऱ्याला ते काल्पनिक बल सोयीचं पडतं, हे कबूल. पण नवशिक्याला आधी ते शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

उंचीचा तर यात संबंधच नाही. हल्ली पैसेवाले पर्यटक रॉकेटने शंभरेक किलोमीटर वर जाऊन काही मिनिटं तरंगून येतात. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या 97 टक्के असतं. इंजिन बंद केल्यावर ते नुसते वर फेकलेल्या दगडासारखे असतात, म्हणून तरंगतात.

वस्तुमान (वस्तूत द्रव्य किती ते) आणि वजन यांतला फरक शाळेत झालाय, त्यात शिरत नाही. 'सूक्ष्म गुरुत्व' हा शब्दही मला नावडता. शास्त्रज्ञ वापरतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं की तिथे ओढच सूक्ष्म झाली. 'वजनरहित अवस्था' म्हणा, प्रश्न मिटला.

आणि विश्वास बसत नसेल तर प्लास्टिकची बाटली घ्या. तळाजवळ बाजूला भोक पाडा, बोट लावून पाणी भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता तशीच गच्चीवरून सोडून द्या, खाली कोणी नाही ना ते बघून. बाटली पडत असते तोवर धार थांबते, कारण पाणी आणि बाटली एकत्रच पडतात, कोणी कोणाला रेटत नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा खाली वाळत घातलेले शेजाऱ्यांचे पापड भिजले होते.