पार्श्वभूमी: एसट्रेसच्या ओळीतला तारा

आंब्याच्या मोसमात देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांची ऑर्डर घेणारी वेबसाइट अडकली, की सर्व्हर सांभाळणारी मुलं 'एसट्रेस' हे तपासणीचं साधन लावतात. प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, कोणत्या सिस्टिम कॉलवर (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीवर) थांबली आहे ते लगेच दिसतं. सगळ्यांना रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड द्यायचा नसतो, म्हणून 'सुडो' या ठरावीक आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवू देणाऱ्या साधनाच्या सुडोअर्स फाइलमध्ये एक ओळ टाकली जाते: एसट्रेस, 'पी' पर्याय आणि पुढे तारा (*). हेतू इतकाच, की कोणताही प्रोसेस क्रमांक चालावा. पण सुडोचा हा तारा मोकळी जागाही गिळतो. क्रमांकानंतर आणखी पर्याय जोडले तरी परवानगी लागूच राहते.

एसट्रेस ज्यावर चालतं तो, प्रोसेसवर नजर ठेवणारा 'पीट्रेस' कॉल १९७५ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीत आला. पॉल क्रानेनबर्ग यांनी सनओएस या युनिक्स-प्रकारासाठी लिहिलेलं एसट्रेस १९९१ मध्ये जाहीर झालं, ब्रँको लँकेस्टर यांनी ते लिनक्सवर आणलं आणि १९९३ मध्ये रिक स्लॅडकी यांनी दोन्हींची सांगड घातली. या साधनात 'ओ' पर्यायाने आउटपुट फाइलमध्ये जातं. फाइलच्या नावाआधी '|' किंवा '!' असेल, तर मात्र पुढचा मजकूर आज्ञा म्हणून चालतो. आज्ञा टाइप करणारा स्वतःच मालक असेल, तर ही मोठी सोय आहे. सुडोमधून आलेल्याच्या हाती मात्र तीच रूटची शेल, म्हणजे हवी ती आज्ञा चालवायची जागा, ठरते.

शेल टाळली की सुटलो, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. १९९४ मध्ये आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर, दुरून लॉगिन करण्याच्या आरलॉगिनला वापरकर्त्याचं नाव म्हणून '-एफरूट' दिलं, की लॉगिन प्रोग्राम ते 'ओळख आधीच पटली आहे' असा पर्याय समजून रूटला पासवर्डशिवाय आत घेई. २००७ मध्ये सोलारिस या युनिक्सच्या टेलनेटमध्ये (दुरून लॉगिनच्या आणखी एका सेवेत) हीच चूक पुन्हा सापडली. घोळ शेलचा नव्हताच. बाहेरून आलेलं नाव डॅशने सुरू झालं आणि पर्याय बनलं.

पर्याय इथे संपले, हे सांगणारी '--' ही खूण पॉसिक्स या युनिक्सच्या मानकात आहे, पण ताऱ्याच्या ओळीत ती कामाची नाही, कारण पूर्ण आज्ञा समोरचाच लिहितो. २०२२ च्या सुडो १.९.१० पासून तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नेमका नमुना) देता येते, त्यामुळे फक्त अंकच मंजूर करता येतात. तरीही प्रोसेस वाचते-लिहिते त्यातलं बरंच एसट्रेसमध्ये उमटतं, ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबरसुद्धा. म्हणून अडचण सुटली की ती ओळ त्याच दिवशी काढावी.